कतीफचं रक्त, वडशाचं रक्त

वैनगंगा

अरब आणि भारतीय दिसायला सारखे का, या जुन्या वादाबद्दल लिहितेय. चेहऱ्यावरून सुरुवात करते, कारण हा विषय माझ्यापाशी चेहऱ्यावरूनच आला.

सौदी अरेबियाच्या पूर्व भागात दम्मामजवळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षं तंत्रज्ञ आहे. माहेर वडसा, जिल्हा गडचिरोली. इथे कुणी ना कुणी माझ्याशी थेट अरबीत बोलायला लागतं. आधी वाटायचं, अंगावर अबाया आहे म्हणून असेल. पण गेल्या महिन्यात इथून जवळच्या कतीफची एक आजी रक्त काढायच्या खोलीत आली, माझं मनगट धरलं आणि विचारलं, "इन्ती मिनल हसा?" तू हसाची का? अल-हसा म्हणजे इथून दक्षिणेला असलेला खजुराच्या बागांचा मोठा मुलूख. मी म्हटलं, नाही, मी हिंदची. तिने मला पुन्हा निरखलं आणि शेजारी बसलेल्या सुनेकडे बोट दाखवलं. सावळा वर्ण, रुंद कपाळ, नाकाची ठेवण, डोळ्यांखालची किंचित काळसर छटा. आम्हा दोघींना वडशाच्या बाजारात शेजारी उभं केलं असतं तर लोकांनी बहिणी म्हटलं असतं.

त्या सुनेच्या सात वर्षांच्या मुलाचं रक्त काढायचं होतं. जांभळ्या टोपणाची बाटली भरली, मशीनला लावली. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारं हे मशीन कागदावर शिखरं काढतं. एफचं शिखर अगदी सुरुवातीला येतं, मग ए, म्हणजे मोठ्या माणसाचं नेहमीचं हिमोग्लोबिन, मग ए-टू आणि एसचं, म्हणजे सिकलचं, चार मिनिटांच्या पुढे. मुलाच्या कागदावर ए जवळजवळ नव्हतंच. एस उंच, आणि सुरुवातीचं एफही चांगलंच उंच, वीस टक्क्यांच्या वर. एफ म्हणजे पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन. मोठ्या माणसात ते एक टक्क्याच्या आत असतं.

हा कागद मी आधी पाहिलेला होता. नागपुरात शिकताना पाहिला होता आणि घरीही पाहिला होता. माझा मोठा भाऊ एसएस होता, सिकलसेलचा रुग्ण, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचा. चोविसाव्या वर्षी गेला. माझा स्वतःचा पॅटर्न एएस, म्हणजे मी वाहक. दादाच्या रिपोर्टवरही एफ असंच वर आलेलं होतं आणि आमच्या सरांनी तेव्हा सांगितलं होतं की सिकलसेलच्या या प्रकाराला जगभर 'अरब-इंडियन' म्हणतात. परीक्षेसाठी ते पाठ केलं होतं. त्या दिवशी कतीफच्या पोराचा कागद हातात धरून उभी असताना ते नाव पहिल्यांदा कळलं.

सिकलच्या जनुकात बदल एकाच अक्षराचा असतो, सगळीकडे तोच. पण त्या अक्षराच्या आजूबाजूला डीएनएच्या ज्या खुणा असतात त्या घराण्यागणिक वेगळ्या. आफ्रिकेतली घराणी सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून अशी ओळखली जातात. पाचवं अरब-इंडियन. ते सापडतं कतीफ आणि अल-हसामध्ये, आणि आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारात, गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात, ओडिशात, निलगिरीत. आणि याच सौदीच्या नैर्ऋत्येला जिझानकडे गेलात तर तिथे जास्त करून बेनिन सापडतं. देश एक, भाषा एक, पण पूर्वेकडचं सिकल आपल्या घराण्याचं आणि पश्चिमेकडचं आफ्रिकेच्या.

अरब आणि भारतीय दिसायला सारखे का, पूर्वज एक आहेत का, यावर या मंचावर पूर्वी बरीच वादावादी झालेली आहे. मला वाटतं आपण चेहऱ्यावर फार अडकतो. जाणकारांनी लिहावं.

मतरह

ताई, फार आतून लिहिलंय. दादांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मस्कतला एकोणीस वर्षं झाली. तुमचा अनुभव इथे रोजचा आहे, पण इथलं कारण वेगळं. मत्रहच्या बंदरावर सूर अल-लवातिया म्हणून तटबंदीची जुनी वस्ती आहे. तिथले लवाती लोक ओमानी नागरिक, पोशाख दिशदाशा (लांब अंगरखा) आणि कुम्मा (टोपी), पण घरात बोलतात ती भाषा सिंधी-कच्छीच्या कुळातली. दुसरे बलुची. मकरानच्या किनाऱ्यावरचं, आता पाकिस्तानात असलेलं ग्वादर बंदर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानांकडे होतं, तिथून किती पिढ्या इकडे येऊन स्थायिक झाल्या. त्यामुळे ओमानी माणूस 'आपल्यासारखा' दिसला तर त्यात दहा हजार वर्षांपूर्वीचं काही शोधायची गरज नाही, त्याचा खापरपणजा कच्छचा किंवा मकरानचा असू शकतो.

आपला रुपया इथे १९७० पर्यंत चालत होता. आखातासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून वेगळ्या नोटा काढल्या होत्या. माझ्या पहिल्या घरमालकांनी तसली एक लालसर दहाची नोट काचेखाली जपून ठेवली होती.

उंटवाट

सरळ गोष्ट आहे. समुद्र एक, ऊन एक, तर माणसं सारखी दिसणारच. मला तर वाटतं मूळ लोक एकच होते, नंतर धर्म आणि भाषा वेगळ्या झाल्या.

गुणसूत्र

उंटवाट, 'मूळ लोक एकच' हे इतकं सरळ नाही. जरा सविस्तर लिहितो, माझा अभ्यासाचाच विषय आहे.

पहिली अडचण 'अरब' या शब्दातच. अरब ही भाषेने बांधलेली ओळख आहे. अरब लीगमध्ये २२ सदस्य देश आहेत. सुदानी, सीरियन आणि येमेनी माणूस शेजारी उभे करा, तिघे अरब, तिघांचे चेहरे तीन तऱ्हेचे. 'भारतीय' याचंही तेच. त्यामुळे तुलना करायची तर पूर्व अरबस्तान आणि मध्य भारत अशी नेमकी करावी लागते. वैनगंगाताईंनी तशी केली म्हणून हा धागा कामाचा आहे.

अरबी द्वीपकल्पातल्या लोकांच्या वंशात मोठा वाटा आहे नातुफी लोकांशी जवळीक असलेल्या पूर्वजांचा. नातुफी म्हणजे पॅलेस्टाइन-जॉर्डनच्या पट्ट्यात साधारण बारा हजार वर्षांपूर्वी राहणारे शिकारी. आपल्याकडे तो वाटा ठळक नाही. आपला पाया वेगळा: इथले प्राचीन शिकारी, इराणच्या प्राचीन लोकांशी दूरचं नातं असलेला एक गट आणि नंतर युरेशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेले लोक, यांचं कमीजास्त मिश्रण. राखीगढीच्या सिंधू संस्कृतीच्या दफनातल्या ज्या बाईचा डीएनए २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला (पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या कामाचे प्रमुख), तिच्यात पहिले दोन वाटे आहेत, तिसरा नाही. आणि तिच्यातला इराणशी जुळणारा वाटा इराणमध्ये शेती सुरू होण्याआधीच वेगळा झालेला. आखाती अरबांमध्येही इराणकडचा काही वाटा आहे. म्हणजे नातं आहे, पण फार लांबचं. चुलत नव्हे, चुलतचुलत.

मग चेहरे का जुळतात? चेहरा आणि वर्ण ठरवणारी जनुकं एकूण डीएनएचा लहानसा भाग. त्यातली काही खरोखर सामायिक आहेत. त्वचा उजळ करणारा एसएलसी२४ए५ या जनुकातला बदल युरोप, पश्चिम आशिया आणि भारत या तिन्हीकडे एकाच मुळातून आला आहे. पण हे ऐकून लगेच 'आपण एकच' म्हणायचं नाही, कारण दुधाचं उदाहरण नेमकं उलटं आहे. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता देणारा भारतातला मुख्य बदल तोच, जो युरोपात आहे. अरबांमध्ये मात्र त्याच भागात दुसऱ्याच जागी झालेला स्वतंत्र बदल जास्त आढळतो, आणि तो उंट पाळण्याशी जोडला जातो. कातडीवरून अरब जवळचे वाटतात, दुधावरून युरोपीय.

आता सिकल. १९५२ मध्ये हिमोग्लोबिनचे अभ्यासक हर्मन लेहमन यांना निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकल सापडलं, तोवर ते आफ्रिकी लोकांचं मानलं जायचं. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद केली. १९६३ मध्ये सौदीच्या पूर्वेकडची नोंद, त्यातही लेहमनच होते. आणि या धाग्याचा विषय बघा: लेहमन यांनी तर्क केला होता की दक्षिण अरबस्तानातले आणि भारतातले काही लोक दिसायला एका 'वेड्डा' (वेड्डा म्हणजे श्रीलंकेतले आदिवासी) ठेवणीचे आहेत, म्हणून हे जनुक अरबस्तानातल्या त्या प्राचीन लोकांत जन्मून दोन्हीकडे पसरलं असावं. चेहऱ्यावरून काढलेला निष्कर्ष! अशी वांशिक ठेवणींची वर्गवारी आता कुणी धरत नाही. पण दोन ठिकाणचं सिकल एका घराण्याचं आहे हे १९८०च्या दशकात डीएनएवरून सिद्ध झालं. १९८६ मध्ये संशोधकांनी मांडलं की आशियातलं सिकल आफ्रिकेपासून स्वतंत्रपणे उपजलं. २०१८ मध्ये संपूर्ण जनुकसंच तपासून दुसऱ्या गटाने मांडलं की सगळं सिकल सुमारे ७३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत एकदाच उपजलं आणि पाचही घराणी त्याच्या शाखा. कुणाचंही घेतलं तरी कतीफ आणि गडचिरोली एका फांदीवर राहतात.

एक महत्त्वाचं. एक जनुक सामायिक असलं म्हणजे सगळा वंश सामायिक होत नाही. मलेरियाच्या मुलखात सिकलचा वाहक जगायला सरस ठरतो, म्हणून असं जनुक माणसांच्या टोळ्यांपेक्षा जोरात पसरतं. एका गलबतातून उतरलेली चार वाहक माणसंही पुरतात. शे-दोनशे पिढ्यांनी त्या चौघांचा चेहरा कुठेच उरत नाही, जनुक मात्र गावभर असतं.

मतरह

आणि गलबतं होतीच. मेसोपोटेमियाच्या जुन्या लेखांत येणारं दिलमून म्हणजे कतीफसमोरचं तारूत बेट आणि बहारीन, आणि मगान म्हणजे ओमान. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा आणि वजनं बहारीनमध्ये सापडली आहेत, भांडी इकडे रास अल-जिंझला. चार-साडेचार हजार वर्षं झाली या ये-जा करण्याला.

सांदण

मी दापोलीकडची कोकणी मुसलमान. आमच्यात हा प्रश्न जेवणाच्या पानावर निघतो, म्हणून लिहिते.

लहानपणी आजी सांगायची, आपले पूर्वज कूफा-बसऱ्याकडून आले, इराकचा सुभेदार हज्जाज बिन युसूफच्या जुलमाला कंटाळून गलबतात बसले. भटकळच्या नवायतांकडेही हीच गोष्ट आहे. आजीचं नाक लांब होतं आणि ती ते पुरावा म्हणून दाखवायची. पण आमच्याच घरात तिच्या सख्ख्या बहिणीचा चेहरा शेजारच्या खारवी आजीसारखा होता, आणि दोघींना लोक बहिणी समजायचे.

गोष्ट खोटी आहे असं मी म्हणणार नाही. व्यापारी आले असतील, पण गलबतातून बायका किती आल्या असतील? इथेच लग्नं झाली. आम्ही बोलतो ती कोकणी, लग्नात गाणी मराठी वळणाची, घरी सांदणं आणि खापरोळ्या. आमच्या आया-पणज्या या मातीतल्या आहेत हे आमच्या ताटात लिहिलेलं आहे.

अरब किनाऱ्याचा खरा धागा विचाराल तर तो चेहऱ्यात नाही, नमाजात आहे. सुन्नींमध्ये धर्माचरणाच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत, हनफी आणि शाफई त्यातल्या दोन. उत्तर हिंदुस्थानातले बहुतेक सुन्नी हनफी. आम्ही कोकणी शाफई, भटकळचे शाफई, केरळचे मापिल्ले शाफई, आणि समोर येमेन-हद्रमौतचे लोकही शाफई. दिल्लीच्या सुलतानांच्या वाटेने इस्लाम आला असता तर आम्हीही हनफी असतो. आमच्याकडे तो समुद्रावरून आला.

जंजिऱ्याच्या सिद्दींना लोक पुष्कळदा 'अरब' म्हणून टाकतात, तेही चूक. ते पूर्व आफ्रिकेतले. त्यांच्या वाट्याचा मान त्यांच्या नावाने द्यावा.

दर्यावर्दी

+१. आमच्याकडे होडीच्या तांडेलाला अजून नाखवा म्हणतात. अरबीत नाखुदा, मुळात फारसी. मोसमी वारा म्हणतो तो 'मोसम' अरबी. उलट बाजूने त्यांचा नारळ 'नारजील', तो आपल्या नारिकेलावरून गेलेला. गलबताचं सागवान तर आपल्याच किनाऱ्यावरून जायचं.

ताम्रपट

सांदणताई, तुमच्या प्रतिसादाला लेखी जोड देतो.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणीला राष्ट्रकूटांचा ताम्रपट सापडला, शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. त्यात संजान मंडळाचा अधिकारी म्हणून नाव आहे 'मधुमती', सहियारहाराचा मुलगा, कूळ 'ताजिक'. ताजिक म्हणजे त्या काळच्या संस्कृतात अरब, आणि मधुमती म्हणजे मुहम्मद. राष्ट्रकूट राजा कृष्णाने त्याला संजान दिलं. त्याने तिथे नदी ओलांडायला फुकट होडी ठेवली आणि अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळायचं. आणि ज्या दानासाठी हा ताम्रपट कोरला ते एका देवीच्या मठिकेला दिलेलं आहे. अरब अधिकारी, संस्कृत लेख, देवीचा मठ, तुपाचा भात.

त्याच्या दहाएक वर्षं आधी, इ.स. ९१६ च्या सुमारास, बगदादचा प्रवासी लेखक अल-मसूदी चौलला आला होता. तो चौलला सैमूर म्हणतो, राजाचं नाव झंझ देतो, म्हणजे शिलाहार घराण्याचा झंझ. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते असं तो लिहितो: सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे, आणि शिवाय 'बयासिरा'. बयासिरा म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदच्या भूमीवर जन्मलेले. इथल्या पोरांना वेगळा शब्द लागावा इतकी ती घरं तेव्हाच रुजली होती. चौलच्या बागांतून फिरताना हे मला दरवेळी आठवतं.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्यसेवक आहे. वाचत होतो, पण आता लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे पावरा-भिल्ल पाड्यांवर सिकलची तपासणी चालते. १ जुलै २०२३ ला शहडोलमधून देशाची मोहीम सुरू झाली, शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत रोग हटवायचा. बोटाला टोचतो, थेंब द्रावणात टाकतो, गढूळ झालं की पुढच्या तपासणीला पाठवतो. इथपर्यंत लोक येतात. अडतं ते पुढे. मुलगी एएस निघाली की घरचे तिचं कार्ड लपवतात. सोयरीक मोडते म्हणून. एका पाड्यावर तर एका बापाने ते माझ्यादेखत चुलीत घातलं.

अरब-इंडियन प्रकार सौम्य असतो असं मीही प्रशिक्षणात ऐकलं. एफ जास्त असल्यामुळे. पण वेदनेने विव्हळणारं पोर झोळीत घालून आठ किलोमीटर चालत आलेल्या आईला 'सौम्य' हा शब्द मी कसा सांगू? वैनगंगाताई, तुमच्याकडे त्या देशात लग्नाआधीच तपासणी करतात ना? लोक कार्ड लपवत नाहीत का?

उंटवाट

गुणसूत्र, सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझं विधान घाईचं होतं. सातपुडा, तुमच्या कामाला नमस्कार.

वैनगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. सातपुडा दादा, आधी तुमच्या प्रश्नाचं.

हो, इथे २००४ पासून लग्नाआधी सिकल आणि थॅलेसिमियाची तपासणी सक्तीची आहे. दाखल्याशिवाय लग्नाची नोंद होत नाही. पण दोघे वाहक निघाले तरी लग्न करायचं की नाही हे त्यांच्यावर सोपवलेलं आहे, आणि सुरुवातीला बरीच जोडपी रिपोर्ट पाहूनही लग्न करायची, कारण नात्यात शब्द दिलेला असायचा, कपडे शिवून झालेले असायचे. पुढे पुढे लोक बोलणी पक्की होण्याआधीच तपासून घेऊ लागले, तेव्हा फरक पडला. म्हणून माझं म्हणणं, आपल्याकडे सोयरिकीच्या वेळी कार्ड मागू नका, त्याच्या कितीतरी आधी, शाळेत असतानाच पोरापोरींना स्वतःचा पॅटर्न माहीत असू द्या. माझा पॅटर्न मला बारावीत कळला. नवऱ्याला त्यांचा पॅटर्न मी पहिल्याच भेटीत विचारला होता. ते काही क्षण गप्प बसले आणि मग म्हणाले, तपासणी करून घेतो. एए निघाला, म्हणजे सिकल नाही.

'सौम्य' शब्दाबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे. माझा दादा कागदावर सौम्यच होता. त्याच्या खुब्याचं हाड एकविसाव्या वर्षी झिजून गेलं होतं. सौम्य हा शब्द डॉक्टरांनी दोन गटांची तुलना करताना वापरावा, आईसमोर नको. एफ वाढवणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू करायचा सल्ला दादाला उशिरा मिळाला. तुमच्या पाड्यावर ते औषध नियमित मिळतं का, हे जरूर लिहा.

आणखी एक चूक मी दोन्हीकडे पाहिली. दोघे एएस असले की 'चारातलं एक मूल' असं सांगितलं जातं आणि लोक समजतात, एक आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नाही. प्रत्येक गरोदरपणी पुन्हा चारात एक. आमच्या आईला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. दादानंतर मी झाले, एएस. माझ्या नंतर आणखी एक बहीण होती.

आता चेहऱ्याचं. गुणसूत्र यांनी लिहिलेलं मी तीनदा वाचलं. म्हणजे ती सून आणि मी सारख्या दिसतो, त्याला तिच्या पोराच्या आणि माझ्या दादाच्या रक्ताशी काही संबंध असेलच असं नाही. रक्ताचं नातं खरं आहे आणि ते चेहऱ्यात दिसत नाही. हे समजल्यावर मला उलट त्या बाईची ओढ जास्त वाटायला लागली.

काल ती पोराला घेऊन पुन्हा आली होती, आजी सोबत होतीच. पोराचा पाय दुखत होता, सलाइन चालू होतं. आजीने विचारलं, तुमच्या देशात याला काय म्हणतात. इथे म्हणतात 'मिंजली'. मिंजल म्हणजे विळा. मी म्हटलं, आम्ही सिकलसेलच म्हणतो, पण विळ्याला आमच्या गावाकडे इळा म्हणतात. तिने दोनदा म्हणून पाहिलं, "इला, इला." मग माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि रिपोर्टच्या पाकिटावर तिच्या बागेतला खजूर कापायचा विळा काढला, आतल्या कडेला बारीक दाते असलेला. मी त्याच्या खाली आमच्या धानकापणीचा काढला. त्यालाही दाते असतात. पोराने दोन्ही बघितले आणि आमच्या विळ्याची मूठ लहान आहे म्हणून पेन घेऊन ती लांब केली.